परवानगीने चाललेली वाट

आम्ही राहतो ते गाव नकाशावर अंगठ्याखाली झाकलं जातं. ब्रिस्टलच्या दक्षिणेला चुनखडीची एक लांब टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी बशीसारख्या खोलगट जागेत साठेक घरं. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला नदी, आणि आत-बाहेर करायला एकच लेन. ही लेन एका गाडीपुरती रुंद. शेकडो वर्षं गुरांनी आणि गाड्यांनी तुडवून ती इतकी खोल गेली आहे की दोन्ही बाजूंचे बांध माणसाच्या डोक्यावर जातात, आणि बांधांवर पुन्हा दाट कुंपणाची झाडं. पाहुण्यांना ती फार आवडते. फोटो काढतात. रोज चालणाऱ्याला मात्र तिच्यातून आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते.

तालुक्याच्या कॉलेजात मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवला. 'वसाहतींचे प्रकार' हा माझा आवडता पाठ. केंद्रित वसाहतीचं उदाहरण म्हणून आमच्या संदर्भपुस्तकात एका इंग्लिश खेड्याचं चित्र होतं: मध्ये चर्च, भोवती हिरवळ, तिच्याभोवती दगडी घरं. ते चित्र मी फळ्यावर इतक्या वेळा काढलं की डोळे मिटूनही काढता आलं असतं. आपण एक दिवस त्या चित्रात राहायला जाऊ आणि मग बाहेर पडायची सोय शोधत बसू, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मुलांबरोबर मीही हसलो असतो.

बायको नर्स आहे. गावाच्या टोकाला एका जुन्या मोठ्या बंगल्यात वृद्धांचं केअर होम आहे, तिथे तिला नोकरी मिळाली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. दुसऱ्या शहरात जायचं तर दुसरा मालक हवा, त्याने सगळी कागदपत्रं करायला हवीत. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा जमलं नाही. तेव्हा आम्ही इथेच. तिचं काम पाच मिनिटांवर. मला वर्षभराने शहरातल्या एका शाळेत वर्गसाहाय्यकाचं काम मिळालं, ते बारा मैलांवर. बस मंगळवारी आणि शुक्रवारी, तीही सकाळी अकराला. गाडीच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो आहे, आणि पुढची तारीख मिळायला महिने जातात.

तरी मी शाळेत वेळेवर पोचत होतो, त्याचं कारण एक पायवाट.

रेल्वे आमच्या गावाला नाही. गावातल्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष बाई सांगतात की रेल्वेची मोजणी पहिल्यांदा आमच्याच खोऱ्यातून झाली होती, पण तेव्हाच्या जमीनदाराला आपल्या हरणांजवळ धूर नको होता, म्हणून रूळ टेकडीच्या पलीकडून गेले. खरं-खोटं त्याच जाणोत. स्टेशन पलीकडच्या गावात. लेनने टेकडीला वळसा घालून जायला सव्वा तास, आणि पाऊस झाला की नदीजवळचा तुकडा पाण्याखाली. पायवाटेने, तीन शेतं आणि एक रान ओलांडून, पंचवीस मिनिटं.

ही वाट फार जुनी आहे. पलीकडच्या गावाला पूर्वी स्वतःचं चर्च नव्हतं. तिथले लोक आपली माणसं पुरायला याच वाटेने खांद्यावरून आमच्या चर्चला आणत. रानाच्या तोंडाशी एक आडवी सपाट शिळा आहे, तिच्यावर शवपेटी टेकवून खांदेकरी दम खात. अध्यक्ष बाई लहानपणी शाळेला याच वाटेने गेल्या. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. आयुष्यभर ग्रंथपाल होत्या, आणि अजूनही प्रत्येक माणसाकडे त्याने पुस्तक परत केलं नसावं असं बघतात. मी भूगोलाचा मास्तर होतो हे कळल्यावर त्यांनी मला मंडळात ओढलं आणि गावाच्या पुस्तिकेतलं भूगोलाचं प्रकरण लिहायला लावलं. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात मला घेऊन गेल्या. तिथे हातमोजे न घालता जुन्या नकाशावर बोट ठेवल्याबद्दल मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "हातमोजे फक्त टीव्हीवर घालतात. हात धुतलेत ना? मग बघा."

नकाशावर ही वाट आहे. पण इथल्या नकाशात ज्या वाटेवरून चालण्याचा सगळ्यांना हक्क आहे ती हिरव्या तुटक रेषेने दाखवतात. आमची वाट काळ्या तुटक रेषेने. म्हणजे वाट आहे, हक्काची नोंद नाही. कुणी नोंद केलीच नव्हती, कारण कुणाला गरज वाटली नव्हती.

मी काय केलं ते इथे सांगायला हवं.

आम्ही येऊन दोन आठवडे झाले होते. वाट एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतातून जाते हे कळल्यावर मी त्याला अर्ज लिहिला. खरंच अर्ज. माझं सगळं शिक्षण अर्जांवर झालं. वडील कालव्यावर पाटकरी होते, घरात शाळेची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. फी माफीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, पुस्तकपेढीचा अर्ज. गुरुजींनी शिकवलं होतं: आधी आपण कोण ते सांगावं, मग गरज सांगावी, मग विनंती करावी, शेवटी आभार मानावेत. त्या कागदांनी मला कधी परत पाठवलं नाही. म्हणून त्या शेतकऱ्यालाही मी तसंच लिहिलं: मी अमुक, आपल्या गावात नवा आहे, आपल्या शेतातून स्टेशनला जाण्याची कृपया परवानगी द्यावी, मी आपला ऋणी राहीन. सोबत बायकोने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा.

त्याने डबा परत दिला तेव्हा त्यात सफरचंदं होती, आणि चिठ्ठीवर दोन ओळी: "खुशाल जा. गेट लावून घ्या." मी कृतज्ञतेने तीन वर्षं गेलो आणि प्रत्येक गेट लावून घेतलं.

गेल्या वसंतात तो वारला. शेत विकलं गेलं. नवीन मालक लंडनहून आले, घोडे घेऊन. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी पहिल्या गेटपाशी पोचलो तर तिथे नवं लोखंडी गेट, माझ्या छातीएवढं, आणि कुलूप. बाजूला पाटी: खाजगी जमीन, रस्ता नाही. मी मूर्खासारखा दोन मिनिटं कुलपाकडे बघत उभा राहिलो. मग मागे फिरून लेनने पळत सुटलो. पहिला तास बुडाला.

शाळेतली माझी नोकरी करारावरची, दर टर्मअखेरीला नव्याने ठरणारी. त्या महिन्यात चारदा उशीर झाला. मुख्याध्यापिकेने बोलावून शांतपणे सांगितलं की पहिल्या तासाला ज्या मुलाजवळ मी बसतो, त्याला मी नसलो की वर्गात थांबवता येत नाही, आणि हे असंच चाललं तर टर्मअखेरीला त्यांना विचार करावा लागेल. बरोबरच होतं. मी माफी मागितली.

घरी बायको म्हणाली, "अहो, आणखी लवकर निघा."

"पावणेसहाला अंधार असतो. लेनमध्ये बाजूला व्हायला जागा नाही. गाडी आली की बांधाला चिकटायचं."

"मग चिकटा. मी ड्युटी बदलून घेऊ का? त्याने काय होणार म्हणा." ती केस विंचरत होती, तशीच थांबली. "आपण इथे अडकलोय हो. आमच्या होममधले म्हातारे निदान एक दिवस इथून जाणार, हे तरी ठरलेलं असतं."

ती असं कधी बोलत नाही. लगेच हसून म्हणाली, "जाऊ द्या, चहा घ्या."

ऑक्टोबरात गावाने हॉलमध्ये सभा बोलावली. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेवरून उघडपणे, कुणाला न विचारता, कुणी न अडवता चालत असतील, तर ती वाट सगळ्यांची म्हणून नोंदवा असा दावा काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेकडे, करता येतो. प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा: किती वर्षं चाललात, किती वेळा, कशासाठी. आमचा शेजारी, निवृत्त लॉरी ड्रायव्हर, म्हणाला, "चाळीस वर्षं. आठवड्यातून चारदा. पलीकडच्या पबसाठी. हे लिहू?"

"लिहा," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "पब हे वैध ठिकाण आहे."

मी फॉर्म उत्साहाने भरत गेलो. सातवा की आठवा प्रश्न होता: आपण कधी परवानगी मागितली होती का? कुणी दिली होती का? मी पेन थांबवलं आणि बाईंना हळूच सांगितलं.

"तोंडी विचारलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. लिहून."

"कागदावर." त्यांनी चष्मा काढला. "त्यांनी तो कागद ठेवला असेल?"

"माहीत नाही. मी त्यांचा ठेवलाय."

"अर्थात तुम्ही ठेवलाय," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. पण फॉर्म त्यांनी माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "तुमचा राहू दे सध्या. ज्याने परवानगी मागितली, त्याने ती वाट मालकाची आहे हे कबूल केलं, असा अर्थ होतो."

त्या आठवड्याच्या शनिवारी नवा मालक मला चर्चजवळ भेटला. चाळिशीतला, नम्र माणूस. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला माझा अर्ज होता. शेतघराच्या ड्रॉवरमध्ये इतर कागदांत सापडला म्हणे.

"फार सुंदर पत्र आहे," तो म्हणाला. "माझ्या बायकोला वाचून दाखवलं. या अख्ख्या गावात विचारण्याची सभ्यता फक्त तुमच्यात होती. बाकीचे माझ्यावर ओरडतात." त्याने खिशातून किल्ली काढली. "तुम्ही कामाला जाता हे मला कळलं. ही तुमची. फक्त तुमची."

मी घेतली. मला इथे कसलाही बहाणा करायचा नाही. मी दोन्ही हातांनी घेतली आणि तीनदा आभार मानले.

सोमवारपासून मी पुन्हा सात-दहाची गाडी पकडू लागलो. कुलूप उघडायचं, आत जायचं, गेट ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं. शेतात दव असायचं आणि तीन घोडे माझ्याकडे मान वळवून बघायचे. वाट तीच, पण आता मी तिच्यावरून झपझप चालायचो, मागे न बघता. त्या शिळेपाशी मी पूर्वी क्षणभर थांबत असे. आता थांबत नव्हतो.

गावात लपून काही राहत नाही. चौथ्या दिवशी शेजाऱ्याने कचऱ्याचे डबे बाहेर ठेवता ठेवता हाक मारली, "काय जमीनदार! आज आमच्या कुत्र्याला आत सोडणार का? की त्यानेही अर्ज करायचा?"

मी हसलो. तोही हसला. पण त्याचा कुत्रा चौदा वर्षांचा आहे आणि आता तो त्याला लेनमध्ये घेऊन फिरतो, दोरी आखडून, हे मला दिसत होतं.

गावाचा दावा काउंटीला गेला, आणि काही आठवड्यांनी अध्यक्ष बाई घरी आल्या. पहिल्यांदाच. बायकोने चहा केला, त्यात बाईंनी साखर घेतली नाही आणि बसल्याही नाहीत. मालकाच्या वकिलाने काउंटीला पाठवलेल्या उत्तराची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली. त्यात लिहिलं होतं की ही वाट नेहमीच मालकाच्या मर्जीने वापरली गेली, पुरावा म्हणून एका रहिवाशाचा अर्ज जोडला आहे, आणि तोच रहिवासी आजही मालकाने दिलेल्या किल्लीने रोज तिचा वापर करतो. जो सभ्यपणे विचारेल त्याला मालक नाही म्हणणार नाहीत.

"मी तुम्हाला किल्ली परत करा असं सांगायला आले नाही," बाई म्हणाल्या. "तुमची नोकरी आहे. मला नोकरी नाही. मला फक्त तुम्ही हे वाचलेलं असावं असं वाटलं."

त्या गेल्यावर बायकोने तो कागद दोनदा वाचला. "आता काय करणार?"

"काय करू? किल्ली दिली तर नोकरी जाईल."

"आणि नाही दिली तर?"

मी कपबशा विसळायला घेतल्या.

रविवारी वडिलांचा फोन असतो. मी त्यांना हा सगळा प्रकार सांगितला, खरं तर त्यांनी मला धीर द्यावा म्हणून. ते आयुष्यभर कालव्याच्या दारांवर राहिले. कुणाच्या बांधावरून पाणी जातं, कुणाच्या शेतातून गाडीवाट जाते, यावरची भांडणं त्यांनी तहसीलदारापेक्षा जास्त पाहिली आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मढी नेत होते म्हणतोस त्या वाटेनं?"

"हो."

"मग वहिवाट झाली की ती. वहिवाटीच्या वाटेला परवानगी मागतं का रे कुणी?"

"मला वाटलं, विचारलेलं बरं. परकं गाव."

"तुला शाळेत घातलं ते काय याच्यासाठी?" ते हसत होते, पण पुढचं बोलताना हसले नाहीत. "अरे, मला सही करता येत नव्हती तरी मी कुणाला असा कागद दिला नाही. कागद दिला की संपलं. तू एकट्याची वाट मागितलीस आणि सगळ्यांची घालवलीस."

"अण्णा, माझी नोकरी आहे."

"आहे ना. मग चाल लांबून. पाय आहेत ना?"

मी फोन ठेवला. राग आला होता. त्यांना या लेनची, इथल्या हिवाळ्याची, मुख्याध्यापिकेच्या शांत आवाजाची काय कल्पना? पण त्यांचं म्हणणं मला कुठेही खोडता येईना. मी ज्याला सभ्यता समजत होतो, ती मला माझ्यापुरती आत घेत होती आणि माझ्यामागे कुलूप लावत होती. प्रत्येक सकाळी ते कुलूप मी माझ्याच हाताने लावत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा शाळेत बोललो. मुख्याध्यापिकेला सांगितलं की पाऊस पडून लेन बुडेल त्या दिवशी मी नंतरच्या गाडीने येईन, बाकीच्या दिवशी वेळेवर असेन. कारणही सांगितलं. त्यांनी पेन्सिल टेबलावर टेकवली आणि म्हणाल्या, "टर्मअखेरपर्यंत बघू." म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

मग मालकाच्या दारी गेलो. त्याला वाटलं असावं की मी काही खाऊ आणलाय, त्याने लगेच हात पुढे केला. मी त्यावर किल्ली ठेवली.

"काही चुकलं का?"

"नाही. तुम्ही चांगलं वागलात माझ्याशी," मी म्हणालो. "पण ही मला नको."

"मग तुम्ही कामाला कसे जाणार?"

"लेनने."

"हा वेडेपणा आहे," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "मी तुम्हाला अडवत नाहीये. तुम्हाला दिसत नाही का? तुम्हाला मी कधीच अडवलं नाही."

"बाकीच्यांना अडवताय."

त्याने खांदे उडवले आणि दार लावलं. मी परत निघालो. कुणी दिलेली वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदाच परत केली होती, आणि त्यात शौर्य वगैरे काही वाटलं नाही. परीक्षेत पेपर कोरा देऊन आल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी मी फॉर्म भरला. परवानगीच्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं, तारीख लिहिली. खाली जागा होती तिथे लिहिलं की मी परक्या देशातून नवीन आलो होतो, मला इथली पद्धत माहीत नव्हती. मला विचारायला कुणी सांगितलं नव्हतं. आणि या वाटेवर मी तीन वर्षांत जी माणसं पाहिली, त्यांच्यातल्या एकालाही कुणाला विचारताना पाहिलं नाही. मग त्या माणसांची यादी केली, कोण किती वाजता कुठे भेटायचं त्यासह. ड्रायव्हर, त्याचा कुत्रा, पोस्टवाली, रविवारी चर्चला येणारं पलीकडचं जोडपं. अध्यक्ष बाईंनी तो वाचला. "दाव्याला किती उपयोग होईल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तोटाही होईल थोडा. पण पाठवू." आणि यावेळी बसल्या.

दावा आता काउंटीत आहे. आधीचेच इतके पडून आहेत की निकालाला किती वर्षं लागतील हे तिथल्या अधिकाऱ्यालाही सांगता येत नाही. आमचा व्हिसा बहुधा त्याआधी संपेल. वाट उघडली, तर तिच्यावरून दुसरं कुणी जाईल.

सध्या मी पावणेसहाला निघतो. डोक्याला दिवा, अंगात चमकणारं पिवळं जाकीट. दोन्ही बाजूंना ओल्या मातीची भिंत, तिच्यातून बाहेर आलेली मुळं, पायांखाली कुजलेली पानं. वळणापलीकडे गाडीचा उजेड दिसला की मी कान देऊन अंतर मोजतो, बांधात जिथे थोडी खाच आहे तिथे पाठ लावतो आणि श्वास धरतो. गाडी जाकिटाला घासल्यासारखी जाते. मग पुन्हा अंधार, आणि पुढची खाच किती पावलांवर आहे ते मनात मोजत मी चालायला लागतो. काल नदीजवळ पाणी चढायला लागलं होतं. बूट काढून हातात घेतले आणि पलीकडे गेलो.